आईच्या कानाची तार

पेणमध्ये उन्हाळ्यात पापड लाटायला बसलेल्या बायका एकमेकींकडे बघून बोलत नाहीत. मान खाली, नजर पोळपाटावर, आणि बोलणं मात्र अखंड चाललेलं. पोह्याच्या पापडाचं पीठ जरा रेंगाळलं की सुकतं, म्हणून मान वर करायला सवडच नसते. ज्याला कमी ऐकू येतं त्याची अशा ठिकाणी मोठी पंचाईत होते. ओठ बघून अंदाज बांधावा म्हटलं, तर समोर नुसते भांग दिसतात.

माझ्या आईची अशी पंचाईत झाली तेव्हा तिने माझ्याकडे स्वतःसाठी म्हणून काहीतरी मागितलं. एरवी ती कधी काही मागत नाही. शेजारच्या पडवीत ती कित्येक उन्हाळे लाटायला बसते. पापड हे निमित्त. कोणाची सून रुसली, कोणाच्या घरी पाहुणे आले, हे सगळं तिला तिथे कळायचं आणि तिच्याकडून आम्हाला. त्या वर्षी ती घरी येऊन गप्प बसू लागली. मग एक दिवस म्हणाली, "मला कानाचं मशीन आन. ह्या बायका काय बोलतात ते कलत नाय. त्या हसल्या की मी पन हसते."

माझी बहीण रोह्याला असते. तिच्या माहितीतल्या एका दुकानातून मशीन घेतलं. दुकानदाराने ते कॉम्प्युटरला जोडून आईच्या कानाच्या मापाने लावून दिलं. पण अशी मशीनं एकदा लावून भागत नाही, पुन्हा पुन्हा कमी-जास्त करावी लागतात. काही महिन्यांनी आई म्हणायला लागली, सगळे विहिरीतून बोलल्यासारखे बोलतात. रोह्याला गेलो तर दुकानाला टाळं. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, मशीनच्या सेटिंगला आमचं लॉक आहे, आमच्याच सेंटरमध्ये यावं लागेल, बाहेरच्या कुणी हात लावला तर वॉरंटी जाईल. सेंटर कुठे, तर मुंबईत. आईला गाडी लागते. पनवेलपर्यंतसुद्धा ती पिशवी हातात धरून जाते.

माझं डोकं फिरलं. नागोठण्याजवळच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. प्रेशर, तापमान दाखवणारी मीटरं खरं दाखवतात की नाही हे तपासायचं आणि चुकत असतील तर ताळ्यावर आणायचं, हीच माझी नोकरी. शिवाय बंद डबा दिसला की माझे हात शिवशिवतात. घरातला मिक्सर, टीव्ही, पंख्याचा रिमोट, शेजाऱ्याचं वॉशिंग मशीन, सगळं मी उघडून बसलेलो आहे. काही कंपन्या स्क्रूला मुद्दाम अशी खाच देतात की बाजारातला पेचकस लागू नये. तसा स्क्रू दिसला की मला तो अपमान वाटतो. कँटीनमध्ये माझं ठरलेलं भाषण असायचं. पैसे मोजून आणलेली वस्तू मला उघडता येत नसेल तर ती माझी कसली, ती भाड्याची. ज्याची वस्तू त्याला ती खोलायचा, दुरुस्त करायचा, हवी तशी बदलायचा हक्क असलाच पाहिजे. लोक डबे बंद करून उठायचे, तरी मी बोलत राहायचो.

मग मी ते कुलूप काढलं. कसं काढलं हे सांगण्यात काही मजा नाही. एक विशिष्ट तार लागते, एक सॉफ्टवेअर लागतं आणि इंटरनेटवर ज्यांचे हात माझ्यासारखेच शिवशिवतात अशा अनोळखी माणसांचा चांगुलपणा लागतो. एका रविवारी आईला खुर्चीत बसवलं, मशीन तारेने लॅपटॉपला जोडलं आणि बायकोला स्वयंपाकघरातून माशांची नावं घ्यायला सांगितली. ती सुरमई म्हणाली, बोंबील म्हणाली, आई एकेक नाव परत सांगत गेली. बायको जवळा म्हणाली तशी आई म्हणाली, "जवला तर आनलाच नाय तुम्ही, नावं कशाला घेता?" आम्ही तिघंही हसलो. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की संध्याकाळी बहिणीला फोन करून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्या उन्हाळ्यात आई पडवीत गेली आणि परत येताना बातम्यांनी भरून आली. कधी कधी तर मला वाटायचं, आता पुरे. पण तिचा चेहरा बघून बरं वाटायचं.

आता पुढचं सांगतो. ते सांगायची लाज वाटते.

आमच्या घराला एक वाईट सवय लागली होती. आईला ऐकू येत नव्हतं त्या दिवसांत आम्ही तिच्याविषयी तिच्यासमोरच बोलायचो. ती भाजी निवडत बसलेली असायची आणि आम्ही तिचं औषध, तिचं पथ्य, तिचा हट्ट, सगळं तिच्या डोक्यावरून बोलायचो. मशीन नीट झालं तरी ही सवय सुटली नाही. त्या पावसाळ्यात मुलीच्या कॉलेजसाठी पनवेलला भाड्याने घर घ्यायचं आमच्या मनात होतं. घर दोन खोल्यांचं, त्यात आई कुठे झोपणार? मी बहिणीला फोन लावला आणि म्हणालो, आईला तू रोह्याला ठेवून घे, निदान वर्षभर. बहीण म्हणाली, माझ्याकडे सासूबाई आहेत, मी दोघींचं कसं करू? आमचं तू ठेव, नाही तूच ठेव असं बराच वेळ चाललं. आई तिथेच होती, दाराजवळ, वाल सोलत.

सकाळी चहा पिताना तिने विचारलं, मला रोह्याला कधी धाडणार. अगदी साध्या आवाजात विचारलं, आज एसटी किती वाजता आहे असं विचारावं तसं. मी म्हणालो, छे, कोण म्हणालं, तुला भलतंच काहीतरी ऐकू आलं. तिने चहा बशीत ओतला. स्वतःच्या कानावर तिचा फारसा भरवसा कधीच नव्हता.

त्याच आठवड्यात ती म्हणाली की भांडी फार वाजतात, कानात जातात. तक्रार खरी होती. अशा मशीनमध्ये स्टीलची भांडी ठणाणतात. मी तार काढली, मशीन जोडलं. पडद्यावर आवाजांच्या उभ्या काठ्या दिसतात, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. भांडी उजवीकडे असतात. पण माणसांच्या बोलण्यातले स, श, क, ट हेही थोडेफार तिकडेच असतात. ते कमी केले की आवाज येतो, शब्द येत नाही. हे मला माहीत होतं. भांड्यांसाठी थोडंसं खाली आणलं असतं तरी भागलं असतं. मी आणखी खाली आणलं, आणि मग आणखी. ते मी मुद्दाम केलं. घरात मोकळेपणाने बोलता यावं म्हणून केलं. आईने मशीन कानाला लावलं, डोकं हलवलं आणि म्हणाली, "आता बरं हाय."

मला त्या वेळी काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या उन्हाळ्यात.

पडवीत आई पुन्हा भलती उत्तरं द्यायला लागली. कोणीतरी लग्नाचं विचारलं, तिने लसणीचं सांगितलं. बायका हसल्या, वाईट मनाने नाही, पण हसल्या. मग तिच्याशी बोलणं कमी झालं, आणि पापड लाटायची तिची जागा गेली. तिला पापड वाळत घालायचं काम दिलं. ते काम गच्चीवर, उन्हात, एकटीने करायचं असतं. मी एकदा सकाळपाळी करून मोटारसायकलवरून येत होतो. लांबूनच आई गच्चीवर दिसली. डोक्यावर पदर घेऊन ती वाकून एकेक पापड उलटत होती आणि मधूनच हात उगारून कावळे हाकलत होती. खालच्या पडवीतून हसण्याचा आवाज येत होता, तो माझ्यापर्यंत येत होता. घरी जाऊन मी जेवलो.

संध्याकाळी ती बायकोला म्हणाली की आता वय झालं, कान पार गेले, मशीन तरी बिचारं किती करणार. मी ते ऐकलं. एका तारेचं आणि दहा मिनिटांचं काम होतं. आज करू, उद्या करू म्हणत मी ते केलं नाही. तिला परत ऐकू आलं असतं तर तिला कळलं असतं की कान गेलेच नव्हते. मग मी काय सांगणार होतो?

शेवटी बहिणीनेच विषय काढला. गणपतीनंतर मी आईला चार दिवस रोह्याला सोडलं होतं. न्यायला गेलो तेव्हा बहिणीने तिथल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी आईचे कान तपासले, मशीन तपासलं, आधीचे कागद बघितले आणि म्हणाल्या, कान होता तेवढाच आहे, काही बिघडलेलं नाही. मशीनही चांगलं आहे, फक्त त्यातले बारीक आवाज फारच खाली ओढलेत. मला यात हात घालता येत नाही, माझ्याकडे कंपनीचं सॉफ्टवेअर नाही. हे लावून कोण देतं तुम्हाला?

त्या मोठ्याने आणि सावकाश बोलत होत्या, त्यामुळे आईला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बाईंकडे बघूनच म्हणाली, "माझा मुलगाच लावतो. त्याला सगलं येतं."

बहीण माझ्याकडे बघत होती. मी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उगाच फिरवत बसलो.

परतीच्या एसटीत आईने मशीन कानातून काढून मुठीत धरलं. नागोठणं गेलं, वडखळ आलं, ती खिडकीबाहेर बघत होती. मला बोलायचं होतं, पण ती ऐकणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे मला जरा सुटल्यासारखंही झालं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला आज सगळ्यात जास्त शरम वाटते.

घरी आल्या आल्या मी लॅपटॉप आणि तार घेऊन तिच्यासमोर बसलो. तिने मूठ उघडली नाही. म्हणाली, आधी मला दाखव. मागच्या वेळच्या सेटिंगच्या काठ्या लॅपटॉपमध्ये होत्या, त्या मी पडद्यावर दाखवल्या. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण काठ्या कमी-जास्त असलेल्या कोणालाही दिसतात. ती खुर्ची ओढून पुढे सरकली. आता मशीन कानात नव्हतं म्हणून मी तिच्या कानाजवळ तोंड नेऊन बोलत होतो. इतकं जवळ मी तिच्याशी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

"ह्यात भांडी कुठं?" तिने विचारलं. मी उजवीकडे बोट ठेवलं.

"आनि पडवीतल्या बायका?"

मी सांगितलं, त्याही तिथेच, जराशा अलीकडे.

 मग तिने आपलं बोट त्या खाली ओढलेल्या काठ्यांवर ठेवलं. "आनि मला रोह्याला धाडायचं बोलनं, ते पन हितंच ना?"

मी हो म्हणालो. तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही, पण माझी मान हललेली तिने बघितली.

"मंग वर कर," मूठ उघडत ती म्हणाली. "भांडी वाजली तर वाजूं दे."

मी सगळं जसं होतं तसं केलं. मशीन कानात घातलं तेव्हा स्वयंपाकघरात नेमकं बायकोच्या हातून झाकण पडलं. आई दचकली, कानावर हात नेला, पण कमी कर म्हणाली नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हातानेच थांबवलं आणि तार मागितली. मशीन माझं ना, मग ही तार पण माझी, एवढंच म्हणाली. तार गुंडाळून तिने आपल्या औषधाच्या डब्यात ठेवली आणि डबा उशाशी नेला.

कंपनी म्हणत होती, बाहेरच्याने हात लावू नये. मी अजूनही म्हणतो की ती लबाडी आहे. पण कँटीनमधलं भाषण मी बंद केलं आहे. ज्याची वस्तू त्याचा हक्क, असं मी घसा कोरडा करून सांगत होतो, आणि त्या वस्तूची मालकीण रोज माझ्यासमोर वाल सोलत बसलेली असायची. तिला मी एकदाही विचारलं नाही. कंपनीने निदान लॉक आहे असं तोंडावर सांगितलं होतं.

रोह्याला ती गेली नाही, पनवेलचं घरही आम्ही घेतलं नाही. मुलगी पेणहूनच ये-जा करते आणि कुरकुरते. आम्ही आता जे बोलायचं ते आईसमोर बोलतो, आणि तीही बोलते, त्यामुळे भांडणं वाढली आहेत. पडवीत मात्र तिच्या जागी दुसरी बसते. लाटायची जागा एकदा गेली की मागून मिळत नाही. आई अजून गच्चीवरच असते. खालचं बोलणं तिला तिथून ऐकू येतं, म्हणते. कधी कठड्यावरून वाकून एखादं उत्तरही देते, आणि खालून कोणीतरी विचारतं, "व्हय गो, तुला आयकाला येतं काय वर?"

मशीन अधूनमधून लावून द्यावं लागतंच. तेव्हा मी तिच्याकडे तार मागायला जातो. ती डबा लगेच उघडत नाही. आधी विचारते, काय कमी करणार आणि काय वाढवणार. मला एकेक सांगावं लागतं, आणि ते तिला नीट ऐकू येतं.