काशाची वाटी आणि दयारामचे तळवे

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि सगळ्यात आधी थकले ते पाय. भोपाळहून आलेल्या साहेबांचे, त्यांच्या फायली वाहणाऱ्या बाबूंचे, त्या फायली कुठं ठेवायच्या हे विचारत हिंडणाऱ्या शिपायांचे. या पायांची पहिली खबर लागली ती भीमाबाईला. काशाची वाटी, तुपाची डबी आणि जुन्या लुगड्याचं फडकं पिशवीत टाकून ती बंगल्याबंगल्यांतून तळवे घासत फिरे. नव्या सरकारला खालून ओळखणारी ती एकटीच बाई.

वाटी तिच्या माहेरची, भंडाऱ्याकडची. तांब्यात कथील घालून ओतलेली, जड आणि गुळगुळीत. तिच्यात आंबट कढी रात्रभर ठेवली तरी कळकत नसे. पण पडली तर पितळेसारखी चेमटणार नाही, सरळ तडकणार. म्हणून आई वाटीला आपल्याहून जास्त जपते, असं पोरगी दीपमाला म्हणे. टिचकी मारली की वाटी कितीतरी वेळ घुमत राही. एका साहेबीणबाईंनी सदर बाजारातून पिवळीधमक नवी वाटी आणून पुढं केली, तेव्हा भीमाबाईनं नखानं वाजवून ती परत दिली.

"ये पीतल है, दीदी. ये बोलता नहीं, खाली खाँसता है."

घासता घासता तूप काळं पडे, तळवे काजळासारखे होत. "देखो साहब, कैसी गर्मी निकल रही है!" साहेब मान वाकवून बघत आणि एवढी उष्णता अंगात बाळगून आपण राज्य चालवतो, या विचारानं सुखावत.

हा सिद्धांत एकाच माणसाला मान्य नव्हता. तिच्या नवऱ्याला. दयाराम रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होता, नुकताच निवृत्त झालेला.

"अवं भिमे," तो म्हणे, "आम्ही मालडब्याचं काशाचं बेअरिंग पुसत होतो त चिंधी अशीच काळी निघे. तिलेबी ताप राहे का?"

"तुमची चिंधी तुमच्यापाशी ठेवा. भाकर माह्या वाटीची खाता ना?"

"पेन्शन माह्या चिंधीची येते," दयाराम म्हणे आणि स्वतःच हसे.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी त्याला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. मग अंग तव्यासारखं तापलं. भीमाबाईनं वाटी काढली. तासभर घासलं, तळवे काळेभोर झाले आणि दयारामला दरदरून घाम फुटला. ताप उतरला. दुसऱ्या दिवशी गडी चहात पोळी बुडवून खात बसला.

"काहून, चिंधी काय म्हणते आता?" भीमाबाईनं विचारलं.

दयारामनं हात जोडले. "हारलो, बाई."

तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी, पुन्हा ताप, पुन्हा वाटी, पुन्हा घाम. पाचव्या दिवशीही तेच. दीपमाला पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानात कामाला होती. मराठी तिला सगळी कळे, पण भांडण ती हिंदीत करी.

"आई, ये मलेरिया है. आज ही खून की जाँच कराओ."

"घासलं का उतरते न, पोरी!"

"अपने आप उतरता है. फिर चढ़ता है."

"लय शहाणी झाली. विचार तुह्या बाबाले."

दयारामनं आधी बायकोकडं पाहिलं. ती वाटी पदरानं पुसत होती आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत होती. तो म्हणाला, "राहू दे वं. मोठमोठे साहेब हिच्या हातून बरे होतात. मी का त्यायच्याहून मोठा आहो?"

सातव्या दिवशी ताप चढला, पण घाम आलाच नाही. भीमाबाई घासत राहिली. तूप काळं पडलं, तिनं ते पुसलं, नवं लावलं, तेही काळं पडलं. "एवढी गर्मी निघून राहिली म्हणजे आता सरलीच," ती म्हणाली. तेवढ्यात दयाराम डोळे न उघडता ओरडला, "भोंगा झाला! डबा दे माहा!" दीपमालानं मग कुणालाच विचारलं नाही. ऑटो आणला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सुईनं रक्ताचा थेंब घेऊन तपासला. "मलेरिया दिमाग तक चला गया है. बुखार कब से है?"

"सात दिन," दीपमाला म्हणाली.

डॉक्टरांची नजर भीमाबाईच्या काळ्या बोटांवर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दयाराम गेला.

घरी आणून त्याला आंघोळ घातली. दीपमालानं साबण लावून तळवे घासले, पांढरे स्वच्छ केले. पांढरं कापड आलं. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक त्रिशरणासाठी दाराशी उभे राहिले.

"थांबा," भीमाबाई म्हणाली. "यायचे पाय मी एकडाव घासून देतो." तिला अडवायचं कुणाच्या मनात आलं नाही. साऱ्या रायपूरचे पाय तिनं घासले होते.

तळवा फरशीसारखा थंड होता. तिनं तूप लावलं आणि वाटी फिरवायला सुरुवात केली, टाचेपासून बोटांकडं, नेहमीसारखी. थोड्या वेळानं तूप करडं झालं. मग काळं. कालच्याइतकंच काळं, तसूभरही कमी नाही.

भीमाबाईचा हात थांबला. तिनं फडकं घेऊन तळवा पुसला आणि फडक्याकडं बघत बसली.

"दीपे," ती म्हणाली, "तुह्या बाबाले माहीत होतं."

"क्या, आई?"

भीमाबाईनं ती काळी चिंधी तिच्यापुढं धरली. मग म्हणाली, "पाणी आण. पाय पुन्हा धुवा लागते."