गोंदण पुसलेले हात

नाशकात इंदिरानगरमधल्या एका छोट्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर मासिकाची पानं लावायचं काम करायचे. मासिक अमेरिकेतलं. ज्यांचे खापरपणजोबा कधीकाळी जर्मनीहून बोटीनं तिकडे गेले, त्यांच्यासाठी निघणारं. जर्मन सण, जर्मन सुतारकाम, कुठल्या खेड्यात कोणता पाव, कुणाच्या पणजीनं पेटीत काय काय भरून नेलं होतं, सगळं साग्रसंगीत. जर्मनी मी नकाशातही कधी नीट पाहिलेली नाही. पण नाताळाआधी तिथल्या चौकात कसले कसले ठेले लागतात, हे मला झोपेतून उठवून विचारा.

खोटं कशाला बोलू, मला ते मासिक आवडायचं. एखाद्या म्हातारीची लाकडी पळी ते अख्ख्या पानावर छापायचे. खाली म्हातारीचं नाव, गावाचं नाव, पळी कोरणाऱ्याचंसुद्धा नाव. आम्ही सुरगाण्याकडचे, डोंगरातले. नाशकात आल्यापासून "तुमच्याकडे नक्की खातात तरी काय?" हे ऐकत आलेय. कुणीतरी आपल्या आजीच्या पळीचा एवढा मान ठेवतंय, हे बघून बरं वाटायचं.

चैत्रात मी दोन दिवसांची सुट्टी घेऊन आईला वणीच्या देवीला नेलं. परत आले तोवर अंक तिकडे रवाना झाला होता. आजीच्या स्वयंपाकघराच्या सदरात घरच्या नूडल्सची कृती होती आणि वर मोठा फोटो, कणीक तिंबणारे दोन हात. गोरेपान. मी सहज पान मोठं केलं. डाव्या हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलेला. लहानपणी विळा लागून तो तसाच जुळून आला होता. माझ्या आईचा अंगठा मी ओळखणार नाही?

शेवयांचं पीठ मळतानाचा तो फोटो मीच काढला होता आणि ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरवर वॉलपेपर म्हणून ठेवला होता. एका वाचकाकडून यायचा फोटो वेळेत आला नाही, म्हणून आमच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, तो उचलला. आईचा रंग उजळला. बांगड्या उडवल्या. आणि मनगटापासून कोपरापर्यंतचं गोंदण साफ पुसून टाकलं.

ते गोंदून घेतलं तेव्हा आईला ताप भरला होता, हात सुजला होता. आमच्यात म्हणतात, बाई मेली की अंगावरचं सोनंनाणं काढून घेतात, गोंदण तेवढं तिच्यासोबत जातं. ते या माणसानं चहा पिता पिता काढून घेतलं, तेही ती जिवंत असताना.

मी तडक केबिनमध्ये गेले.

"सर, हे माझ्या आईचे हात आहेत."

"अगं, माहितीये. म्हणून तर घेतला. कसला छान आलाय! आणि चेहरा कुठे दिसतोय?"

"गोंदण का पुसलंत?"

"जर्मन आजीच्या हातावर गोंदण?" ते हसले. "जरा डोकं वापर."

डोकं वापरलं म्हणूनच जास्त पेटलं. हात गोरे करा, असं अमेरिकेतून कुणीही कळवलं नव्हतं. ते सुचलं पंचवटीत जन्मलेल्या, आमच्यापासून दोन तासांवर वाढलेल्या माणसाला. परक्यानं केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते.

अंक पोचल्यावर तिकडच्या एका बाईंचा ईमेल आला. हे हात पाहून त्यांना आजी आठवली होती आणि रडू आलं होतं. सरांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि खुशीत मिसळ मागवली. वर मला म्हणतात, "पुढच्या अंकात पावाचं पीठ आहे. आईंना घेऊन ये एकदा." मी मिसळ तशीच टाकून घरी निघून आले.

आई लसूण सोलत होती. मी आरडाओरडा करत सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मग नोकरीचं काय?" एवढंच विचारलं.

सकाळी उठून बघते तर तिनं पीठ मळायला घेतलेलं. भर उन्हाळ्यात माझा लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता, बाह्या पार मनगटापर्यंत ओढलेल्या. बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या होत्या.

"काढ फोटू," ती म्हणाली. "आता त्याला पुसत बसाया नको."

"आई, काढ तो स्वेटर!"

"वरडू नको. तुझी नोकरी राह्यली पायजे. हात झाकले तर काय झिजत नाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. फोटो काढला नाहीच. ऑफिसात जाऊन मी अमेरिकेतल्या संपादकबाईंना दोन्ही फोटो पाठवले, आधी मूळचा, मग गोरा केलेला. खाली आईचं पूर्ण नाव, गावाचं नाव, गोंदणाची हकिकत. सरांना कळलं आणि दुपारच्या आत माझी नोकरी गेली. जाताना मीही त्यांना चार शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. संपादकबाईंनी मनापासून माफी मागितली होती. पुढच्या अंकात मूळ फोटो पूर्ण पानावर छापणार होत्या, आईच्या नावासकट.

मी आईला ते मराठीत करून वाचून दाखवलं. "बघ, आता तुझं नाव पार अमेरिकेत जाणार!"

आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"त्या सरानं मला इचारलं नाय," ती म्हणाली. "तू तरी कवा इचारलंस?"