मामांचं तापणारं मशीन आणि बांधलेली वायर

भूतबित असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट असे किस्से सांगणाऱ्यांची मी मनसोक्त टिंगल केलेली आहे. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. "आपोआप बंद पडतो हो" म्हणून आणलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात मला आजवर धूळ, झुरळ नाहीतर सुटलेली वायरच सापडली आहे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय... पण लिहितो.

माझे मामा अंथुर्ण्याचे. घरी चार एकर ऊस आणि इंदापुरात व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ. तालुक्यातली शेकडो लग्नं त्यांनी शूट केली. एडिटिंगसाठी मुंबईहून त्यांनी एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला होता — ॲल्युमिनियमचा भला मोठा डबा, पाण्यावर थंड होणारा. म्हणजे आत बारीक नळ्या, एक छोटा पंप आणि त्यातून फिरणारं कूलंट. मामांना त्याचा कोण अभिमान! पुढे स्टुडिओ बंद झाला, मशीन घरी आलं आणि तापायला लागलं.

मामा फोन करायचे. "महेश, येऊन बघ की रे एकदा. लई तापतंय." मी म्हणायचो, येतो रविवारी. दोन वर्षं मी हेच म्हणत होतो. एकदा तर वैतागून, भंगारात घाला, असंही म्हणालो. अंथुर्णे बारामतीपासून पाऊण तासावर आहे, काही अमेरिकेत नाही. मी गेलो नाही. मागच्या वर्षी मामा हार्ट अटॅकने गेले.

यंदा त्यांच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. नऊ दिवस उरले असताना मामी ते मशीन टेम्पोत घालून दुकानात आल्या. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा धड एक फोटो घरात नव्हता. वर्षश्राद्धाला आधार कार्डावरचाच मोठा करून लावला होता, त्यात मामा पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. पण पल्लवीच्या पाचव्या वाढदिवसाला त्यांनी कॅमेरा स्टँडवर लावला होता आणि स्वतः समोर येऊन बसले होते. टेपला कधीच बुरशी लागली, ते शूटिंग उरलं होतं फक्त या मशीनमध्ये. पल्लवीला ते लग्नात लावायचं होतं. वडील लग्नाला तेवढे तरी हजर असावेत, असं ती म्हणत होती.

हार्डडिस्क काढून दुसरीकडे लावावी, तर दोन डिस्क जोडून एक केलेल्या, आणि त्या वाचणारं कार्ड याच मशीनचं. म्हणजे हे चालू होणंच भाग होतं.

उघडलं आणि कपाळाला हात लावला. मामांनी त्यात ट्रॅक्टरचं हिरवं कूलंट ओतलं होतं! नळ्यांत नुसता गाळ... सगळं धुतलं, नळ्या बदलल्या, नवीन कूलंट भरलं. चालू केलं — चार मिनिटांत तापमान नव्वदच्या वर, मशीन बंद. पंपावर संशय आला म्हणून त्याची वायर काढून पाहिलं — तरी चारच मिनिटं. पंप असून नसल्यासारखा. लोंबकळणारी वायर पंख्यात अडकायला नको म्हणून मी ती प्लॅस्टिकच्या टॅगने बाजूच्या पट्टीला घट्ट बांधली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि जोडायची राहिली ती राहिलीच.

शेवटी लग्नाला तीन दिवस उरले. मामींना फोन करून म्हणालो की, चार-चार मिनिटांत जमेल तेवढं काढू, पण आत हजारभर फोल्डर आहेत, कोणता ते तुम्हीच ओळखा. मामी म्हणाल्या, मग इकडंच आण, त्यांच्या जागेवर लाव. मला तो नुसता हट्ट वाटला. तरी गेलो. नेमका रविवार होता.

मामांची खोली घराच्या मागच्या अंगाला, खिडकीबाहेर ऊस. सकाळचे अकरा वाजले असतील. टेबलासमोर मामांची खुर्ची रिकामीच होती, तरी मी स्टूल ओढून घेतलं, का ते माहीत नाही. बटण दाबलं. तापमान साठ... बहात्तर... मामींनी फोल्डर ओळखला. कॉपी सुरू केली तर एक तास दहा मिनिटं दाखवायला लागलं. आकडा पंच्याऐंशीवर गेलेला. आता काही खरं नाही, असं मी मनात म्हणालो.

सत्त्याऐंशीवर आकडा थांबला. मग खाली यायला लागला. आणि डब्यातून आवाज आला... पाण्याचा. पंपाची घरघर मी ओळखतो, ही ती नव्हती. थोडं वाहायचं, थांबायचं, पुन्हा वाहायचं. आकडा एक्केचाळीसवर येऊन बसला. मी नळीला बोट लावलं तर गार.

मामी दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "दारं धरल्यावानी आवाज येतोय."

उसाला पाणी देताना एक सरी भरली की फावड्याने पाणी पुढच्या सरीत वळवायचं, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. मामा हे काम गड्यावर कधी सोपवायचे नाहीत. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. कालव्याचं पाणी नव्हतं, मोटर बंद होती, सऱ्या कोरड्या होत्या.

सत्तर मिनिटं मी जागचा हललो नाही. कॉपी पूर्ण झाली तशा मामी कोरडा टॉवेल घेऊन आत आल्या. तो त्यांनी मामांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"झालं न्हवं? मग बंद कर आता. तासभर पाण्यात उभे हायेत ते."

मी मशीन बंद केलं. गाडीत घालण्याआधी बाजूचा पत्रा काढून आत पाहिलं. पंपाची वायर टॅगने बांधलेली होती, मी बांधली होती तशीच. पंपाला करंटच नव्हता. मी पत्रा पुन्हा लावून टाकला.

लग्नात पडद्यावर मामा आले. काळ्याभोर मिशा, हात कुठे ठेवावेत ते न कळणारे. छोट्या पल्लवीला मांडीवर घेतलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. जेमतेम वीस सेकंद. पल्लवी इतकी रडली की नवरामुलगा बावरून गेला. मीही रडलो, लपवत नाही.

लोणी देवकरच्या एका फॅक्टरीत माझा इंजिनिअर मित्र आहे. तो म्हणाला, गरम पाणी वर जातं, गार खाली येतं, पंपाशिवायही फिरतं. बरं, फिरत असेल. मग दुकानात का नाही फिरलं? त्यानंतर मी कितीतरी वेळा चालवून पाहिलं, वायर जोडून आणि न जोडता... चार मिनिटं, वर एक सेकंद नाही.

महिन्याभराने धीर करून मामींना वायरचं सांगितलं. मामा बोलावत असताना आलो नाही, चुकलो, हेही सांगितलं. त्या भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू रविवारी येतो म्हणाला व्हतास की. थांबले व्हते ते."

मग त्यांनी शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. मी निवडत बसलो.