तंजावूरची थरथरती रेघ

आम्ही जुने सहकारी भेटलो की एकाने किस्सा सुरू करायचा आणि दुसऱ्याने "थांब, ते तसं नव्हतंच" म्हणत तो हिसकावून घ्यायचा, असं कायमचं चालतं. त्यामुळे आमच्या तंजावूरच्या स्टुडिओतला प्रत्येक किस्सा दर भेटीत थोडा फुगतो आणि त्याला दोन-तीन पिल्लंही होतात. आता मी पुण्यात आहे, मध्येच अडवणारं इथे कोणी नाही. तेव्हा खरं काय ते माझ्याकडूनच ऐका!

मद्रासचं नुकतंच चेन्नई झालं होतं. केबलवर रोज नवं चॅनेल दिसायचं आणि प्रत्येकाला जाहिराती हव्या होत्या. आमच्या राजारामण्णांनी बँकेतली नोकरी सोडली आणि भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत दोन कॉम्प्युटर मांडून ॲनिमेशन स्टुडिओ काढला. चित्रं कागदावर काढायची, स्कॅन करायची आणि कॉम्प्युटरवर रंगवायची. मी रंगवणाऱ्यांपैकी.

अण्णांचे सासरे गोविंदराव यांची तांदळाची गिरणी होती. जावयाने बँक सोडली हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. ते आपल्या तंजावुरी मराठीत म्हणाले, "पोंगलच्या सणापर्यंत मोठं काम पास जालं तर सरि, ठीक. नाहीतर मुकाट्यानं गिरणीत ये!"

कोंड्याच्या नुसत्या वासाने अण्णांना शिंका यायच्या. गिरणीचं नाव निघालं तरी त्यांचा चेहरा पडायचा. आणि तेवढ्यात चेन्नईहून मोठं काम आलं, बिस्किटाची जाहिरात. गावातून हत्ती चाललाय, पोरं मागे लागलीत, पाठीमागे देवळाचं गोपुर.

नमुना पाहून तिथल्या डिरेक्टरचा फोन आला. "रेघ फार गुळगुळीत आहे. मेल्यासारखी वाटते. हाताने काढल्यासारखी थरथरू दे!"

"हातानेच काढलीय की हो!" अण्णा ओरडले. अर्थात फोन ठेवल्यावर. फोनवर ते फक्त "येस सर" म्हणाले होते.

*

हत्ती काढला होता वेणू मास्तरांनी. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तंजावूर पेंटिंग. लहानपणी रेघ जराशी हलली की वडील बोटांवर ब्रश मारायचे. अशा माणसाला "थरथरवा" म्हणून कसं सांगायचं?

मास्तर म्हणाले, "मला काय ताप आलाय?"

शेवटी अण्णांनी हात जोडले तेव्हा मास्तर बसले. सकाळभर त्यांनी मोठ्या निष्ठेने रेघ थरथरवली. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक थरथर सारख्या उंचीची, सारख्या अंतरावर! हत्तीला चहूबाजूंनी जरीचा काठ लावल्यासारखं दिसत होतं.

*

मग मीच सुचवलं, मास्तरांना टाउन बसमध्ये बसवू. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर बस अशी नाचायची की तिकीट देताना कंडक्टर प्रवाशाच्या मांडीवर बसायचा. मास्तर पॅड घेऊन मागच्या सीटवर बसले, मी शेजारी.

नेमकं त्याच आठवड्यात तो रस्ता नवा झाला होता! मास्तर जातानाही झोपले आणि येतानाही. मध्ये उठून त्यांनी एकच हत्ती काढला. इतका सुबक हत्ती त्यांनी आयुष्यात काढला नव्हता.

*

आता खरी युक्ती कशी सापडली ते ऐका. चित्रं ट्रेस करायला आमच्याकडे लीलाक्का होत्या. त्यांना पंखा लागायचा आणि पंख्याने मास्तरांचे कागद उडायचे. त्यावरून दोघांचं जोरात वाजलं आणि बोलणंच बंद झालं. त्यामुळे कोणतं चित्र झालं, कोणतं राहिलं, हे कोणी कोणाला सांगेना. एकच हत्ती लीलाक्कांनी ट्रेस केला, मास्तरांनीही केला, आणि कोणीच करत नाही असं वाटून अण्णांनीही केला.

तिन्ही कागद माझ्याकडे आले. वेगवेगळे असतील म्हणून मी एकापाठोपाठ एक लावले आणि प्ले केलं. हत्ती जागच्या जागी उभा, पण त्याची रेघ अशी सळसळत होती की जणू आताच कोणीतरी काढतंय! तीन हातांच्या तीन रेघांत केसाएवढा फरक होता, आणि तेवढाच हवा होता. मग प्रत्येक चित्र असंच तिघांनी ट्रेस करायचं ठरलं. आम्हाला इतका आनंद झाला की काय सांगू!

तो आनंद मास्तर आणि लीलाक्कांनाही झाला. दोघं एकमेकांकडे बघून हसणार, तेवढ्यात अण्णा मध्ये धावले.

"हसूं नका! काम संपेपर्यंत कोणी समेट करायचा नाही!"

*

आमचा स्कॅनिंगवाला कुमार आधी लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये होता. तिथे रेघ हलली तर वधूपिता भांडायला यायचा. सगळी चित्रं स्कॅन झाली आणि आम्ही रविवारी सुट्टी घेतली. हा एकटाच आला. सोमवारी आम्ही पाहतो तर मॉनिटरला विभूती लावलेली आणि कुमार खुशीत.

मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "सगळ्यांच्या रेघा हलल्या होत्या. मी बटण दाबून एकूण एक सरळ केल्या. अण्णांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

कागद जपून ठेवले होते म्हणून वाचलो. पुन्हा सगळं स्कॅन केलं. तेवढे दिवस कुमारला चहा आणायच्या कामावर ठेवलं.

*

पोंगल तोंडावर आलं. डिरेक्टर येणार त्याच्या आदल्या दिवशी गोविंदराव जावयाची खबर घ्यायला माडी चढून आले. आम्ही फिल्म दाखवली. हत्ती थरथरला, पोरं थरथरली, ते पाहत बसले. गोपुर थरथरलं आणि ते खुर्चीतून उठले.

"देऊळ हालवतां? राजे आले, गेले. गोरे आले, गेले. ते हाललं नाही. तुम्ही बिस्किटासाठी हालवतां?"

अण्णा काकुळतीला आले. "मामा, सगळंच हालायला पाहिजे म्हणून त्यांनी सांगितलंय. नाही हाललं तर काम जाईल."

"जाऊं दे. गिरणी आहे की!"

सासऱ्यापुढे अण्णांचं काही चाललं नाही. गोपुराच्या तीन चित्रांतली दोन काढून टाकली. आता सगळं गाव थरथरत होतं आणि देऊळ ढिम्म! काम गेलंच, अशी आमची खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी डिरेक्टर आले. फिल्म पाहिली, पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा पाहिली. कोपऱ्यात गोविंदराव हाताची घडी घालून बसलेले. अण्णांना तर आधीच शिंका यायला लागल्या होत्या.

"सगळं हलतंय, आणि देऊळ तेवढं स्थिर," डिरेक्टर म्हणाले. "ही कल्पना कोणाची?"

अण्णांना पुन्हा शिंक आली. त्यांनी नुसतं सासऱ्यांकडे बोट दाखवलं.

डिरेक्टर उठले आणि त्यांनी गोविंदरावांचे दोन्ही हात धरले. "काय नजर आहे, सर! काम पास. पुढच्या तीन फिल्मही इथेच करायच्या, पण तुम्ही हवे आहात!"

गोविंदरावांनी हात सोडवून घेतले. धोतर सावरलं आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टुडिओ उघडायला गेलो, तर जिन्याच्या पायरीवर गोविंदराव आधीच येऊन बसलेले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात जेवणाचा डबा. अण्णांना पाहून ते उठले आणि म्हणाले,

"सरि, आज काय काय हालवायचं नाही?"