आमराईपर्यंतचा राऊंड

गायकवाड दादा पळायला लागले त्या पहिल्याच सकाळी वाटेवरच्या घरांतली माणसं धोतर सावरत बाहेर आली आणि विचारू लागली, "कोन गेलं?" आमच्या उमरग्याकडे त्या काळी पोक्त माणूस पळताना दिसला की कुणीतरी मेलंय किंवा मरायला टेकलंय, एवढाच त्याचा अर्थ. दादा न थांबता हात हलवून म्हणाले, "कोनी न्हाय गेलं. मी जाऊ नये म्हणून पळायलोय!" एक म्हातारा तरीही त्यांच्यामागे बराच लांब पळत गेला. त्याला वाटलं, दादा वाईट बातमी लपवताहेत.

मी तेव्हा साखर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते. दादा वजनकाट्यावर कारकून. कॉलनीत आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांचं खोकणं, हसणं आणि वहिनींशी भांडणं मला बसल्या जागी ऐकू यायचं. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना मधुमेह सांगितला तेव्हा 'साखर कारखान्यात नोकरी आणि साखरेचाच आजार' हा विनोद सगळ्या कॉलनीने केला. सगळ्यात आधी तो दादांनीच केला होता.

डॉक्टरांनी खरं तर भरभर चालायला सांगितलं होतं, झाडीतून, मोकळ्या हवेत. मग पळता कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "सिस्टर, आपल्याकडं चालनाऱ्याला कोन सोडतंय? कुठं निघालाव, बसा, च्या घ्या. जितकी घरं तितके कप. पळनाऱ्याला मातुर समदे वाट देत्यात." हे मला पटलं. इकडे चहा साखर किंवा गूळ घालूनच उकळतात. नको म्हटलं की त्या घराच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं.

आपल्या पळण्याला ते 'राऊंड' म्हणत. पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळायचा, कारण चार माणसांत अर्धी चड्डी घालायची लाज. पायात कॅनव्हासचे बूट. कॉलनीच्या बागेतून निघायचं, गेस्ट हाऊसच्या हिरवळीला वळसा घालायचा, मग सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका, तिथून गावाबाहेरची आक्कांची आमराई आणि परत. त्यात उघडं माळरान कुठेच लागू नये अशी वाट त्यांनी शोधून काढली होती. "डोळ्याला हिरवं लागलं की पाय आपसूक उचलतोय," असं ते म्हणायचे. आठवड्यातून एकदा मी त्यांची लघवी तपासायची. नळीतलं निळं औषध साखर वाढेल तसं हिरवं, पिवळं आणि शेवटी विटकरी होत जातं. त्यांचं विटकरीवरून हिरव्यावर आलं तेव्हा नळी उजेडात धरून म्हणाले, "भायेर बी हिरवं, आत बी हिरवं. आता काय पायजे?"

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस आला नाही. कारखान्याने आधी बागेचं पाणी तोडलं, मग गेस्ट हाऊसच्या हिरवळीचं. रोपवाटिकेतली रोपं पिशव्यांतच वाळली. शेवटी हिरवी राहिली ती एकटी आमराई, कारण आक्कांच्या विहिरीला पाणी होतं. आणि आमराईच्या रस्त्यावर रोजगार हमीचं काम निघालं. तांबडं फुटायच्या आत आसपासच्या गावांतली बायामाणसं तिथे खडी फोडायला बसलेली असत.

दोन दिवस दादा त्यांच्यामधून पळाले. तिसऱ्या दिवशी बूट खुंटीला अडकवून माझ्या दारात आले. "न्हाय जमत, सिस्टर. त्या बाया भाकरीपायी घाम गाळायल्यात अन् म्या पचलेली भाकर जिरवायला पळायलोय. एकीनं इचारलं, दादा, कोन गेलं? तोंडच उघडलं न्हाय माझं." मी खूप भांडले. आजारी माणसाने लाजायचं नसतं, हे ऐकवून पाहिलं. ते ऐकून घेत राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून चपला घालून चालत आमराईकडे जाऊ लागले.

चालणाऱ्याला आक्का सोडणार होत्या थोड्याच! मोठ्या बागायतदारीण, साठीच्या, आवाज असा की विहिरीपलीकडे ऐकू जावा. दादांच्या वडिलांनी जन्मभर ह्याच आमराईची राखण केली होती. तेव्हा लहानपणी दादांना 'शिव्या' म्हणून हाक मारणाऱ्या आक्का आता "ये रे शिवराम, च्या पिऊन जा" म्हणत आणि ओट्यावर आपल्या शेजारी बसवत. बाई मनाने वाईट नव्हत्या. दादांच्या घरी दह्याचं गाडगं पाठवायच्या, वहिनींच्या आजारपणात गाडी जुंपून द्यायच्या.

नळी पुन्हा विटकरी झाली तेव्हा मी सरळ विचारलं, रोज घेता का चहा? रोज घेत होते. मग निदान बिनसाखरेचा मागा, म्हटलं. दादांनी ती विटकरी नळी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माझ्या बापाला त्याच ओट्याखाली बसवून ओंजळीत वरनं पानी वाढायचे. म्या बघितलंय. आमी बौद्ध झालो तरी चार वरसं तसंच चाललं. आज त्याच घरातल्या कपबशीत मला च्या मिळतोय, सिस्टर. बिनसाखरेचा मागितला तर म्हनतील, आता ह्याला आमची साखर बी चालंना." मी म्हटलं, जीव जाईल तुमचा. ते म्हणाले, "जाईल. पन बाप बघत असंल तर त्याला कप दिसू दे."



बाभळीचा काटा चपलेतून आरपार गेला, तेही त्यांना कळलं नाही. पाय बधिर झाला होता. घरी ते पाय धूत असताना वहिनींना रक्त दिसलं. मी रोज मलमपट्टी करत होते, सुई टोचून पाहत होते, आणि दादा छताकडे बघत विचारत, "टोचली का?" जखम काळी पडली. सोलापूरला नेऊन गुडघ्याखाली पाय कापावा लागला. पुढचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ते गेले. त्या दिवशी मी प्रेताला कापूस लावला, वहिनींना धरलं, घरी येऊन भात टाकला. रडू आलं नाही. आजही त्यांचं मरण आठवलं की काही होत नाही. होतं ते एक दुपार आठवली की.

पाय कापून त्यांना घरी आणलं त्याच आठवड्यातली ती दुपार. मी पट्टी बदलत होते. दारात बैलगाडी थांबली आणि आक्का आल्या. एवढ्या वर्षांत गायकवाडांच्या घरात पहिल्यांदाच. दादांचा पाय बघून त्यांनी पदर तोंडाला लावला, खऱ्याच रडल्या. "माझ्या लेकरासारखा तू," म्हणाल्या. दादांचा चेहरा उजळला. त्यांनी वहिनींना खूण केली. वहिनींनी फळीवरच्या नव्या कपबशा काढल्या, धुतल्या आणि दोन कप चहा करून आणला, एक माझ्यासाठी, एक आक्कांसाठी.

आक्कांनी कपाकडे पाहिलं. "मला नगं गं. उपास हाय आज."

"उपासाला च्या चालतोय की, आक्का," वहिनी म्हणाल्या.

"म्या न्हाय घेत."

वहिनी कप तसाच पुढे धरून उभ्या राहिल्या. मला आक्कांचा फार राग आला. आक्का दाराकडे बघत होत्या. त्यांनाही लाज वाटत असावी, पण हात काही पुढे आला नाही.

दादांनी उशीवरून अंग उचललं आणि वहिनींच्या हातातला कप घेतला. "दादा," एवढंच मी म्हणाले.

"आक्का, तुमच्या घरचा वरीसभर घेतला म्या," ते शांतपणे म्हणाले. "आता तुमच्या वाटचा बी मीच घेतो."

त्यांनी सावकाश, घोट घोट करत तो सगळा चहा प्यायला. बशीत सांडलेला तेवढा राहिला होता. तोही त्यांनी कपात ओतून घेतला.