आधी तुम्ही घ्या

जुईनगरहून पाम बीच रोडकडे निघालं की हल्ली सारखं एखादं नवीन हॉटेल उघडलेलं दिसतं. हॉटेल म्हटलेलं माझ्या लेकीला चालत नाही. "आई, रेस्टॉरंट म्हण." बरं बाई, रेस्टॉरंट. मेनू कार्ड मागितलं तर टेबलावर चिकटवलेल्या चौकोनाकडे बोट दाखवतात. मोबाइल काढा आणि वाचा म्हणे. एका खुर्चीसारखी दुसरी खुर्ची नाही, दिवे नुसत्या वायरींना लोंबकळतायत, भिंतीला प्लास्टर नाही. आमचे हे पहिल्यांदा अशा ठिकाणी गेले तेव्हा दारातूनच मागे वळले. म्हणाले, "अजून काम चालू दिसतंय, नंतर येऊ."

मला चीड येते, खोटं कशाला बोलू? पण मजाही येते. हे पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर होते तेव्हा बाहेर जेवणं म्हणजे डोसा, तोही गावाहून कोणी आलं तर. आता निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं शनिवारी संध्याकाळी कुठेतरी जाऊन बसतो. ठेचा घातलेला पिझ्झा खाल्ला, पुरणपोळीचं आइस्क्रीम खाल्लं. एका ठिकाणी तर पिठलं एवढ्याशा काचेच्या पेल्यात आणून ठेवलं, वर कोथिंबिरीचं एक पान. एकच! आमच्या साताऱ्याकडे कोणी असं वाढलं असतं तर पाहुणा पानावरून उठून गेला असता. पण चव झकास होती. चांगल्याला चांगलं म्हणायला माझं काय जातं?

मात्र लेकीनं सांगितलं की मुलाच्या आईवडिलांना अशाच एका ठिकाणी भेटायचं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

मुलगा तिनंच पसंत केलेला, तिच्या ऑफिसातला. खांदेश्वरला राहतो, मंडळी मूळची रत्नागिरीकडची. मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. आमच्याकडे दोनदा येऊन गेला होता; बोलायला गोड, आणि ह्यांचं कारखानापुराण न कंटाळता ऐकून घेतो, म्हणजे कमाल आहे. प्रश्न होता त्याच्या आईचा. लग्नानंतर सगळे एकत्र राहणार होते. माझ्या पोरीला त्या बाईबरोबर दिवस काढायचे होते, आणि ती बाई कशी आहे ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

"त्यांच्या घरी जाऊ," मी म्हटलं. "घर बघितलं की माणूस कळतं. शितावरून भाताची परीक्षा करतात. हॉटेलात मी कसली परीक्षा करू? शीतसुद्धा दुसऱ्याच्या चुलीवरचं!"

"आई, हल्ली सगळे असंच भेटतात. कोण कुणाकडे जाणार, पोहे कोण आणून देणार, ते टेन्शनच नको. न्यूट्रल जागा."

न्यूट्रल! जसं काही दोन देशांची मॅचच. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती अगदी हळू म्हणाली, "आणि तिथे प्लीज चिडू नकोस. तुला आवडलं नाही की तुझ्या कपाळावर दिसतं. मला हे लग्न हवंय, आई." माझी पोर अशी विनवण्या करणारी नाही. मी म्हटलं, ठीक आहे, तोंडाला कुलूप.

सीवूड्सचं नवीन रेस्टॉरंट होतं. आम्ही पोचलो तर ती मंडळी आधीच आलेली. त्याची आई नाकीडोळी तरतरीत, अंगावर जांभळी साडी, पाठ ताठ. वडील शांत, हसरे. नमस्कार झाले, बसलो. मुलानं मोबाइलवर भराभर ऑर्डर दिली आणि समजावून सांगितलं, इथे प्रत्येकाचं वेगळं ताट नसतं. छोट्या छोट्या डिश येतात, जी तयार होईल ती येते, सगळ्यांनी मधे ठेवून खायची.

पहिली आली कुरकुरीत कमळकाकडी. मग मशरूमचे वाफवलेले पाव. मग बोंबलाचे रोल, असे उभे करून ठेवलेले. टेबल भरत चाललं आणि कोणी हात लावेना.

आता मी कशी लावणार? आम्ही मुलीकडचे, त्यातून ती मंडळी खांदेश्वरहून आमच्या बाजूला आलेली. म्हणजे यजमान आम्ही. पाहुण्यांनी सुरुवात केल्याशिवाय यजमानानं घास घेतला तर काय म्हणतील लोक? ह्यांचा हात एकदा बोंबलाकडे सरकला, तेव्हा मी टेबलाखालून पाय दाबला. ह्यांनी हात मागे घेतला आणि खांदेश्वरला पाणी किती वेळ येतं म्हणून विचारलं.

पाणी झालं. विमानतळ झाला. सोसायटीची लिफ्ट झाली. पाव गार होऊन बसले. समोर ती बाई हात मांडीवर ठेवून हसतेय आणि खात काहीच नाही. माझ्या मनात येऊ लागलं, बाई घमेंडखोर दिसते. हिला काही पसंत नाही, ना जेवण, ना आम्ही. तेवढ्यात दाढीवाला वेटर आला आणि काळजीनं विचारलं, "मॅम, खाना ठीक नहीं है क्या?"

"छान आहे, छान आहे," आम्ही दोघी एकदम म्हणालो. न चाखताच!

तो गेला आणि आतून टोपीवाल्या शेफला घेऊन आला. शेफ लांबून आमच्या भरल्या डिशकडे बघत उभा राहिला. माझी लेक लाल झाली. मुलाचा धीर सुटला. "आई, असं तोंड मिटून बसायचं होतं तर आलीस कशाला?"

"आईशी असं काय बोलतोस?" माझी लेक म्हणाली.

"तुझी आई तरी कुठे खातेय? बघतेय नुसती!"

"मग घरीच भेटायचं होतं ना. ही जागा तू शोधलीस."

"आयडिया तुझी होती!"

लेकीचे डोळे भरले. तिनं पर्स जवळ ओढली. आता ही उठणार, म्हणजे झालं, संपलं. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळत नव्हतं, पण गप्प बसून पोरीचं लग्न मोडलेलं मला बघवणार नव्हतं. गेलं ते कुलूप खड्ड्यात!

"अहो ताई," मी म्हटलं, "तुम्ही घ्या ना आधी! पाहुणेच हात लावेनात, तर आम्ही कसं खायचं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पाहुणे? अहो, पाहुणे तर तुम्ही! टेबल आमच्या मुलानं घेतलं, बोलावलं आम्ही. मी कधीची वाट बघतेय तुमची. ह्यांचा हात दोनदा खाली दाबला मी."

मी ह्यांच्याकडे बघितलं, तिनं तिच्या ह्यांच्याकडे बघितलं. दोघे पुरुष एकमेकांकडे असे बघत होते की जणू एकाच कोठडीतून सुटलेत. मला जे हसू फुटलं ते आवरेना. तीही हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. पोरं मात्र दोघंही तशीच बसली होती, एकमेकांकडे न बघता. लेकीची पर्स अजून मांडीवरच होती.

"घ्या तर मग," मी म्हटलं.

"नाही, आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही."

घ्या! मी साताऱ्याची, ती रत्नागिरीची. हटणार कोण? इतक्यात वेटर नवीन डिश घेऊन आला, मटणाचे छोटे छोटे कबाब, वाफ निघत असलेले. तो ठेवणार तोच तिनं डिश त्याच्या हातातून घेतली आणि उठली. अशा ठिकाणी कोणी उठून वाढत नाही. शेजारच्या टेबलावरची लॅपटॉपवाली मुलं वळून बघायला लागली. ती टेबलाला वळसा घालून आली, माझ्या लेकीच्या मागे उभी राहिली आणि पहिले दोन कबाब तिच्या डिशमधे वाढले.

"आमच्याकडे आधी घरातली पोरं जेवतात," ती म्हणाली. "मोठ्यांचं मागाहून बघू."

"काकू, आधी आईला..."

"तुझी आई नि मी बघून घेऊ काय ते. तू खा गो. निवेल."

मी लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायला बसायची. कोणी वाईट नव्हतं हो, रीतच तशी होती. पातेल्याच्या तळचा भात, गार आमटी. निवेल, आधी तू खा, असं मला त्या घरात कधी कोणी म्हटलं नाही. आणि ही बाई, जिला मी इतका वेळ घमेंडखोर म्हणत होते, ती डिश हातात धरून उभी होती. माझ्या पोरीनं खाल्ल्याशिवाय ती पुढे सरकायला तयार नव्हती. मला रडू आलं. येऊ दिलं.

लेकीनं पर्स खाली ठेवली आणि अख्खा कबाब तोंडात टाकला. तो चांगलाच कढत होता. तिचं तोंड भाजलं, आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो, "अगं, फुंकून खा!"