आळ्यांतला पाचोळा

आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत सगळा मुरूम आहे, माती नावालाच. नाशिकला झाडं आपोआप येतात असं म्हणणाऱ्यांनी तिथं एकदा कुदळ मारून पाहावी. त्या जागेत मी आणि शेजारच्या ताईंनी श्रावणात कडुनिंब, करंज आणि बहावा लावले. ताई सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, मी शाळेत शिकवते. भाद्रपदात पाऊस जो गेला तो परत आलाच नाही. दिवाळी सरली तशी नळाच्या पाण्यातही कपात झाली. भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून आम्ही रोपांना घालायचो, आणि सकाळी घातलेलं पाणी दुपारी शोधून सापडायचं नाही. ताई म्हणाल्या, रोपांभोवती खणलेली आळी झाकली पाहिजेत, नाहीतर आपण उन्हालाच पाणी पाजतोय.

हे कॉलनीच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. वणीकडच्या त्यांच्या पाहुण्यांच्या टोमॅटोच्या शेतात मल्चिंगचा काळा प्लास्टिक कागद उरला होता. तो घेऊन ते स्वतः आले, सोबत फोटो काढणाराही आला. रोपांभोवती कागद अंथरला, कडेला दगड ठेवले, फोटो निघाले आणि सगळे गेले. शेतात त्या कागदाखाली ठिबकची नळी असते. आमच्याकडे बादली होती. ओतलेलं पाणी कागदावरून ओघळून रस्त्यावर जायचं. दुपारी हात लावला तर चटका बसायचा, आणि कागदाला टेकलेली खालची पानं करपायला लागली. आम्ही कागद काढून घडी घालून परत दिला. अध्यक्षांना ते लागलं. चांगल्या कामात खोडा घालणाऱ्या दोन बायका, अशी आमची ओळख त्यांनी तिथूनच सुरू केली.

मग ताईंच्या भाच्यानं विंचूरहून कांद्याच्या सालांची पोती पाठवली. ती पसरली आणि संध्याकाळच्या वाऱ्यानं अर्ध्या कॉलनीच्या व्हरांड्यांत गेली. लोक चिडले, त्यांचं बरोबरच होतं. शेवटी माझ्या भावाच्या शेतातून उसाचं पाचट आलं. ते वीतभर जाड अंथरलं. आधी बुंध्याला अगदी चिकटवलं, तर वाळवी लागली. मग बुंध्याभोवती मोकळी जागा सोडून गोल पसरलं आणि वर थोडी माती टाकली. दोन दिवसांनी भर दुपारी ताईंनी पाचट बाजूला सारून आत बोटं घातली आणि ओली बोटं मला दाखवली. आम्ही दोघी मोठ्या माणसांसारख्या दिसत नसणार त्या वेळी.

पाचट सगळ्या आळ्यांना पुरलं नाही. पण तोवर पानगळ सुरू झाली होती. कॉलनीतली जुनी झाडं रोज ढिगांनी पानं टाकत होती, आणि रोज सकाळी ती झाडून त्याच मोकळ्या मैदानाच्या कोपऱ्यात पेटवली जात होती. झाकायला काही मिळेना म्हणून आम्ही गावोगाव फोन करत होतो आणि पन्नास पावलांवर हे चाललं होतं. त्या धुरानं ताईंना खोकल्याची ढास लागायची. मी अध्यक्षांकडे जाऊन पानं मागितली. ते हसून म्हणाले, न्या की कचरा, तेवढाच आमचा ताप कमी. मग आम्ही पोती भरभरून पाचोळा आळ्यांत टाकला, उडू नये म्हणून पाणी शिंपडून वर दगड ठेवले. राहिलेली रोपंही सावरली. बहाव्याला नवी पालवी फुटली.

त्यानंतर स्वच्छ कॉलनीची स्पर्धा आली. तपासणीच्या दिवशी मी शाळेतून आले तर मैदानावर धूर. सगळी आळी खरवडून लख्ख केलेली. पाचट आणि पाचोळा एकत्र ओढून पेटवलेला, तोही करंजाच्या रोपाला लागून. ताई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनी अडवून पाहिलं होतं, पण झाडणारी माणसं म्हणाली, अध्यक्षांनी सांगितलंय, आम्ही काय करणार. मी घरातून प्यायच्या पाण्याचा हंडा आणला आणि जाळावर ओतला.

अध्यक्ष धावत आले. "मॅडम, पाहुणे येतायत. झाडाखाली कचरा बरा दिसत नाही."

"आणि मेलेलं झाड बरं दिसतं?"

"मेलं तर पुढच्या वर्षी दुसरं लावू," ते म्हणाले. "रोपं काय, फुकट मिळतात."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हा माणूस वाईट नाही. कॉलनीत कुणाच्या घरी आजारपण असलं की गाडी घेऊन आधी तोच हजर असतो. पण गुडघे धरधरून ताईंनी सगळा हिवाळा वाहिलेल्या बादल्या त्याच्या हिशेबात कुठंच नव्हत्या. त्याला झाड हवं होतं ते फोटोत उभं राहण्यापुरतं. जमीन जिवंत राहिली काय आणि भाजली काय, वरून झाडलेली असली की झालं.

तपासणीची माणसं आली तेव्हा मी तिथंच उभी राहिले. इथं काय होतं आणि कशाची राख झाली, ते मी त्यांना सरळ सांगितलं. त्यांनी अवघडून मान हलवली. बक्षीस दुसऱ्या कॉलनीला गेलं. ते माझ्यामुळे गेलं असं आजही बोललं जातं, आणि अध्यक्ष समोर आले की दुसरीकडे बघतात.

पुढच्या बैठकीत ताईंनी पानं जाळणं बंद करायचा ठराव मांडला. हात फार थोडे वर आले, ठराव पडला. पण दुसऱ्याच दिवशी समोरच्या ओळीतल्या एका बाईंनी पानांचं पोतं माझ्या फाटकाशी आणून ठेवलं. मग आणखी दोघीतिघी आणू लागल्या. आम्ही आळी पुन्हा भरली. जाळाची झळ बसलेला करंज वाचला नाही. बाकीची रोपं भर वैशाखात हिरवी राहिली.

मागच्या गल्लीत पानं अजून जाळतात. धूर दिसला की मी पोतं घेऊन तिकडे जाते. कुणी देतं, कुणी तोंडावर दार लावतं. दार लावणाऱ्यांकडे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.